महाराष्ट्र देशाच्या तुलनेत कुठे? एका संध्याकाळी स्वतः ताडून पाहण्याची रीत

आमच्या घरच्या ग्रुपवर एकाच दिवशी दोन निरोप आले. सकाळी काकांनी टाकलं, ‘देशाच्या उत्पन्नात सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्राचा, आपण एक नंबर.’ दुपारी आत्तेभावाने टाकलं, ‘दरडोई उत्पन्नात तेलंगणासुद्धा पुढे गेला, आपलं राज्य गाळात.’ संध्याकाळपर्यंत दोघांची एकमेकांवर पक्षांची लेबलं चिकटवून झाली होती. गंमत अशी की दोन्ही निरोपांतले दावे खरे होते.

मी बरीच वर्षं एका जिल्हा दैनिकात आकड्यांची पानं लावतो, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. त्या दोघांना जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो. लागणारं सामान थोडं आहे : दोनशे पानी वही (किंवा एक्सेलची शीट), मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि एक निवांत संध्याकाळ. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, भागाकार यायला हवा. उदाहरण महाराष्ट्राचं घेतलंय, पण रीत कुठल्याही राज्याला चालेल.

वहीत सहा रकाने आखा : काय मोजलं, राज्याचा आकडा, देशाचा आकडा, कोणत्या वर्षाचा, कुणी मोजला, आणि कोणाला मोजलं. शेवटचे तीन रकाने लोक गाळतात. नव्वद टक्के भांडणं त्या तीन रकान्यांतच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी १ : आकडे मुळातून घ्या

बातमीतला आकडा वहीत घ्यायचा नाही, बातमी ज्यावरून झाली तो अहवाल उघडायचा. राज्यासाठी पहिलं पुस्तक म्हणजे ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’. अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती काढतं आणि बहुधा अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी ती विधिमंडळात मांडली जाते. मराठीत असते, फुकट उतरवून घेता येते, आणि मागच्या तक्त्यांत इतर राज्यांचे आकडेही असतात. सगळ्या राज्यांची जुनी मालिका एका जागी हवी असेल तर रिझर्व्ह बँकेचं राज्यांविषयीचं हँडबुक. आरोग्य-पोषणासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. ते करणारी संस्था आपल्या देवनारलाच आहे. जन्म-मृत्यूंसाठी नमुना नोंदणी पद्धती, म्हणजे एसआरएस. रोजगारासाठी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस. घरखर्चासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीचं घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण. जिल्ह्यासाठी ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ नावाची पुस्तिका असते, तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही.

सुरुवातीला एवढे सहा-सात स्रोत पुरे. याहून जास्त उघडलेत तर रात्र जाईल.

पायरी २ : आकारमान आणि दरडोई, दोन वेगळ्या पानांवर

काकांचा दावा आकारमानाचा होता. २०२४-२५ च्या पूर्वानुमानानुसार राज्याचं सांकेतिक (म्हणजे चालू किंमतींनी मोजलेलं) स्थूल उत्पन्न ४५ लाख ३१ हजार कोटी रुपये, देशाच्या साधारण साडेतेरा टक्के. खरंच पहिला क्रमांक. पण २०११ च्या जनगणनेत देशातली ९.३ टक्के माणसंही इथेच होती आणि जमीनही जवळपास तेवढीच. मोठ्या घरात जास्त पीठ मळलं जातं, त्यावरून कुणाच्या ताटात किती पोळ्या पडल्या ते कळत नाही.

म्हणून दुसऱ्या पानावर दरडोई. त्याच वर्षाचं राज्याचं दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार रुपये, देशाचं साधारण २ लाख ५ हजार. भागाकार केला की १.५. म्हणजे सरासरी महाराष्ट्रीय माणसाच्या वाट्याला सरासरी भारतीयाच्या दीडपट उत्पादन येतं. आत्तेभावाचं म्हणणंही याच पानावर सापडतं : तेलंगणा, कर्नाटक, हरियाणा, तमिळनाडू ही मोठी राज्यं दरडोईत आपल्या पुढे आहेत. गोवा तर कितीतरी पुढे, पण पंधरा लाखांच्या आसपास वस्तीच्या राज्याशी बारा कोटींचं राज्य ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली घसरण किंमतींची. पाहणीत ‘चालू किंमतींनुसार’ (त्या त्या वर्षाच्या भावांनी) आणि ‘स्थिर किंमतींनुसार’ (एकाच ठरावीक वर्षाच्या भावांनी) असे दोन तक्ते असतात. वर दिलेले ४५ लाख ३१ हजार कोटी चालू किंमतींचे; तेच उत्पन्न २०११-१२ च्या स्थिर किंमतींनी २६ लाख १२ हजार कोटी भरतं. मधली तफावत निव्वळ भाववाढीची. एका वर्षात राज्य-देश तुलना करायची असेल तर चालू किंमती चालतात. दहा वर्षांत किती वाढलो हे पाहायचं असेल तर स्थिर किंमतीच घ्यायच्या. एकीकडून चालू आणि दुसरीकडून स्थिर आकडा उचलून राज्य बुडाल्याचं ‘सिद्ध’ करणारे महाभाग मी पाहिलेत. मुद्दाम केलं असेल असं नाही, तक्त्याचं शीर्षक वाचायचा कंटाळा.

दुसरी घसरण आधार वर्षाची, म्हणजे ज्या वर्षाचे भाव स्थिर धरले त्या वर्षाची. २०११-१२ आधाराची मालिका आणि त्याआधीची २००४-०५ ची मालिका एका रेघेत जोडायची नाही. मालिका बदलली की मोजण्याची पद्धत बदलते, आणि मधली उडी कागदावरची असते.

तिसरी गोष्ट बारीक आहे पण मला ती आवडते. देशाच्या सरासरीत आपण स्वतःही बसलेलो असतो! आपल्याला वगळून उरलेल्या भारताशी तुलना करायची तर असं करा : देशाचं १३.५ टक्के उत्पन्न आणि साधारण ९ टक्के माणसं आपली. उरलेल्या भारताकडे ८६.५ टक्के उत्पन्न आणि ९१ टक्के माणसं. ८६.५ भागिले ९१ म्हणजे ०.९५. आपले १३.५ भागिले ९ म्हणजे १.५. आता १.५ ला ०.९५ ने भागा : १.५८. म्हणजे उरलेल्या देशाच्या मानाने आपण दीडपटीहूनही थोडे वर. छोट्या राज्याला हा फरक जाणवणार नाही. महाराष्ट्र किंवा उत्तर प्रदेशासारख्या अवाढव्य राज्याला जाणवतो.

पायरी ३ : ते दीडपट घरात पोचतं का?

या पायरीवर घाई करू नका. सगळ्या वहीत मला सगळ्यात महत्त्वाचं हेच पान वाटतं.

‘दरडोई उत्पन्न’ हा शब्द फसवा आहे. माणसाच्या हातात पडलेली ती कमाई नसते. राज्याच्या हद्दीत वर्षभरात जे मूल्य तयार झालं त्यातून घसारा (यंत्रं-इमारतींची झीज) वजा करून उरलेलं लोकसंख्येने भागलं, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईतल्या बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार, रिफायनऱ्या यांचा नफा त्यात येतो. तो नफा ज्यांच्या खिशात जातो ती माणसं चेन्नईत, लंडनमध्ये, कुठेही असू शकतात. कराचंही तसंच. देशाच्या प्रत्यक्ष करातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा महाराष्ट्रातून जमा होतो, म्हणून ‘आपण देश पोसतो’ असं छाती काढून सांगितलं जातं. पण कंपनीचा कारखाना ओडिशात आणि नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंटला असेल तर कराची पावती मुंबईच्या नावाने फाटते. जिथे भरला तिथेच कमावला असं होत नाही.

मग घरात काय पोचतं ते कसं पाहायचं? घरखर्चाच्या सर्वेक्षणाकडे वळा. त्यात माणसं घरोघर जाऊन किराणा, दूध, भाडं, औषध, शाळेची फी, मोबाइलचा रिचार्ज असं सगळं विचारतात. २०२२-२३ मध्ये ग्रामीण महाराष्ट्रात दरमहा दरडोई खर्च ४,०१० रुपये निघाला, ग्रामीण भारतात ३,७७३. शहरी महाराष्ट्रात ६,६५७, शहरी भारतात ६,४५९.

भागाकार करा. ग्रामीण भागात आपण देशापेक्षा सहा टक्के वर, शहरी भागात तीन टक्के. उत्पन्नात पन्नास टक्क्यांची आघाडी, आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत तीन ते सहा! त्याच सर्वेक्षणात ग्रामीण तमिळनाडूचा खर्च ५,३१० आणि ग्रामीण तेलंगणाचा ४,८०२ होता.

याची काही कारणं वर आलीच. आणखी एक म्हणजे अशा सर्वेक्षणांत फार श्रीमंत घरं हाताला लागत नाहीत. मलबार हिलवरच्या फ्लॅटचं दार सर्वेक्षकासाठी उघडत नाही, नंदुरबारच्या पाड्यावरचं उघडतं. बचतही या आकड्यात येत नाही. म्हणून खर्चाचा आकडा म्हणजे संपत्तीचा आकडा नव्हे. पण सामान्य घराचं राहणीमान ताडायला याहून चांगलं माप आपल्याकडे नाही.

अजून एक बेरीज राहिली : भाव. शंभर रुपयांत गया जिल्ह्यात जे येतं ते पुणे जिल्ह्यात येत नाही. हा फरक काढायची माझी एक जुगाडू पद्धत आहे. तेंडुलकर समितीच्या रीतीने नियोजन आयोगाने २०११-१२ साठी दारिद्र्यरेषा ठरवल्या होत्या. ग्रामीण महाराष्ट्राची रेषा दरमहा ९६७ रुपये, ग्रामीण भारताची ८१६. शहरी महाराष्ट्राची १,१२६, शहरी भारताची १,०००. त्या रेषा तेव्हाच्या स्थानिक भावांवर बेतलेल्या असल्याने त्यांचं गुणोत्तर म्हणजे ढोबळ भावफरक : ग्रामीण १.१८५, शहरी १.१२६. आता ४,०१० ला १.१८५ ने भागा. ३,३८४ येतात. देशाच्या ३,७७३ पेक्षा कमी! शहरी आकडाही तसाच खाली येतो. भावफरक अकरा वर्षं जुना आहे, त्यामुळे हे उत्तर शाईने लिहू नका, पेन्सिलीने लिहा. तरी एक गोष्ट पक्की : घरखर्चाच्या मापाने महाराष्ट्र देशाच्या सरासरीच्या आसपासच घुटमळतो.

काकांना हे पान दाखवलं तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेऊन पुन्हा भागाकार केला.

पायरी ४ : मुलांचं वजन पाहा

सामाजिक बाजूसाठी शेकडो निर्देशक आहेत. सगळे घेत बसू नका. मी दोन प्रकारचे घेतो : जीव वाचला का, आणि वाचलेला जीव धडधाकट वाढला का.

पहिल्या प्रश्नात महाराष्ट्राची कामगिरी खरोखर अभिमान वाटावा अशी आहे. एसआरएसनुसार २०१८-२० मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३, देशात ९७. केरळ १९ वर, आणि त्यानंतर आपणच. तेलंगणा ४३, तमिळनाडू ५४, गुजरात ५७, कर्नाटक ६९. अर्भकमृत्यू दर २०२० मध्ये हजारी १६, देशाचा २८. दवाखान्यात होणारी बाळंतपणं, आशाताई, १०८ ची गाडी यांवर गेल्या वीस वर्षांत झालेलं काम या आकड्यांत दिसतं, आणि ते मोकळेपणाने मान्य करावं.

आता दुसरा प्रश्न. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या मुलांत वयाच्या मानाने उंची कमी असलेली, म्हणजे खुजी मुलं महाराष्ट्रात ३५.२ टक्के, देशात ३५.५. बरोबरी. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली, लुकडी मुलं महाराष्ट्रात २५.६ टक्के, देशात १९.३. बिहारमध्ये २२.९. होय, बिहारमध्ये आपल्यापेक्षा कमी. आणि चौथ्या फेरीत (२०१५-१६) आपला आकडा किती होता? २५.६ च. देश त्याच काळात २१ वरून १९.३ वर उतरला.

हा आकडा वहीत नुसता उतरवू नका, एकदा अंगणवाडीत जाऊन मोजमाप पाहा. सेविका बाळाला आडव्या फळीवर झोपवते, गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते, टाच फळीला टेकवते आणि लांबी वाचते. मग वजनकाटा. मग तिन्ही रंगांची पट्टी डाव्या दंडाभोवती : हिरवा, पिवळा, लाल. लालमध्ये आलं की वहीत ‘सॅम’ (तीव्र कुपोषित) लिहिते, पिवळ्यात ‘मॅम’ (मध्यम कुपोषित). मी उभा होतो त्या दिवशी एका दीड वर्षाच्या पोराचा दंड पिवळ्यात आला आणि त्याची आजी म्हणाली, ‘पावसाळ्यात असाच होतो, दिवाळीला अंग धरतो.’ सेविकेने मान हलवली, पण पेन थांबवलं नाही. मोजमाप कोणत्या महिन्यात झालं यानेही लुकडेपणाचा आकडा हलतो, हे मला त्या आजींकडून कळलं. नंतर पाहिलं : पाचव्या फेरीची महाराष्ट्रातली पाहणी जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झाली होती. काही राज्यांची पाहणी कोविडनंतर, २०२१ पर्यंत लांबली. म्हणून ‘कोणत्या वर्षाचा’ या रकान्यात जमेल तिथे महिनाही लिहावा.

पण महिन्याच्या आड लपता येत नाही. गुजरातही २५.१ वर आहे आणि तमिळनाडू १४.६ वर. कारखाने तिघांकडेही आहेत.

आणखी एक सावधगिरी. अर्भकमृत्यूचे दोन सरकारी आकडे मिळतील : एसआरएसचा १६ आणि कुटुंब सर्वेक्षणाचा २३. दोन्ही बरोबर. दुसरा आकडा सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांचा मिळून असतो. राज्याचा एका स्रोतातून आणि देशाचा दुसऱ्यातून असं मात्र कधीच घ्यायचं नाही.

पायरी ५ : अनुशेष काढा

टक्के वाचून पोटात कालवाकालव होत नाही, म्हणून मी एक देशी हत्यार वापरतो. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने राज्यातल्या जिल्ह्यांसाठी ‘अनुशेष’ काढला होता : राज्याची सरासरी हे माप धरायचं आणि प्रत्येक जिल्हा त्याखाली किती कमी पडतो ते मोजायचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हा शब्द नव्याने सांगायला नको. तीच रीत उलटी फिरवा : देशाची सरासरी माप धरा आणि महाराष्ट्राचा अनुशेष काढा.

लुकडेपणात आपण देशापेक्षा ६.३ अंकांनी मागे. राज्यात वर्षाला अठरा-एकोणीस लाख जन्म होतात. पाच वर्षांखालची मुलं ढोबळ ९० लाख धरा. त्याचे ६.३ टक्के म्हणजे साडेपाच लाखांवर. देशाच्या सरासरीला नुसतं पोचायचं तरी एवढ्या पोरांनी अंग धरायला हवं. मातामृत्यूत उलट, अनुशेष नाही, शिल्लक आहे. दोन्ही एकाच पानावर समोरासमोर लिहा.

पायरी ६ : दारिद्र्य, बेरोजगारी, आत्महत्या

दारिद्र्यासाठी नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक सोयीचा. आरोग्य, शिक्षण, राहणीमान अशा तीन अंगांचे बारा निर्देशक त्यात असतात. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात ७.८१ टक्के लोक बहुआयामी गरीब, देशात १४.९६. पाच वर्षांपूर्वी आपण १४.८० वर होतो, म्हणजे जवळपास निम्मं झालं. चांगलं. मात्र तमिळनाडू २.२० वर आहे, केरळ अर्ध्या टक्क्यावर. (हा निर्देशांक त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या माहितीवर बेतलेला असतो, त्यामुळे पायरी ४ आणि ६ हे दोन स्वतंत्र साक्षीदार समजू नका.)

बेरोजगारीचा दर वाचताना उलटा विचार करावा लागतो. पीएलएफएसनुसार २०२३-२४ मध्ये मध्य प्रदेशात बेरोजगारी १ टक्का, केरळात ७.२, गोव्यात ८.५, देशात ३.२. मध्य प्रदेश गोव्याहून सुखी म्हणायचा? गरिबाला बेकार राहणं परवडत नाही. तो घरच्या शेतात, टपरीवर, मिळेल त्या कामाला हात लावतो आणि सर्वेक्षणात ‘कामावर’ लिहिला जातो. म्हणून या दराशेजारी नियमित पगारी नोकरी किती जणांना आहे, तो रकाना जोडल्याशिवाय तुलना करू नका.

शेतकरी आत्महत्यांचे आकडे सगळ्यात जपून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेती क्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत, त्यांतल्या ४,२४८ महाराष्ट्रातल्या. हे भयंकर आहेच. पण त्याच तक्त्यात पश्चिम बंगाल आणि बिहारपुढे शून्य आहे. शून्य घडल्या की शून्य नोंदल्या, हे तक्ता सांगत नाही. ज्या राज्यात नोंद चोख होते ते राज्य अशा तक्त्यात नेहमी जास्त वाईट दिसतं. महाराष्ट्राचं दुःख यामुळे कमी होत नाही. बंगालशी तुलना मात्र बाद होते.

पायरी ७ : कोणाला मोजलं?

हा रकाना मी माझ्या फजितीतून शिकलो. कोकणातल्या एका गावी वाचनालयाच्या कार्यक्रमात मी उत्साहाने सांगितलं होतं : २०११ च्या जनगणनेत देशात हजार पुरुषांमागे ९४३ स्त्रिया, महाराष्ट्रात ९२९, पण तुमच्या रत्नागिरी जिल्ह्यात ११२२! टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, आमचे बापये मुंबईक नाय का? ते खंय मोजलेत?’

मुंबई शहर जिल्ह्याचं गुणोत्तर ८३२ आहे. चाकरमानी तिथे मोजले गेले. रत्नागिरीच्या ११२२ मध्ये मुलींचं कौतुक थोडं आणि मनीऑर्डर जास्त होती. तेव्हापासून मी एकूण गुणोत्तर वापरत नाही, शून्य ते सहा वयोगटाचं घेतो. एवढी लहान पोरं नोकरीला जात नाहीत. त्यात देश ९१९ आणि महाराष्ट्र ८९४. श्रीमंत राज्य, पण मुलींच्या बाबतीत देशाच्या मागे. बीड जिल्हा तर २००१ मधल्या ८९४ वरून २०११ मध्ये ८०७ वर घसरला होता. सोनोग्राफी मशीन गाठायला पैसे लागतात, रस्ते लागतात. काही गोष्टी सुबत्तेबरोबर बिघडतात त्या अशा.

साक्षरतेत आपण ८२.३, देश ७३. त्यावर वेळ घालवू नका, पुढे आहोत. बालविवाह मात्र पाहा : वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांत अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, देशात २३.३. सव्वा-दीड अंकाचा फरक. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी मागे कुणाकडे ठेवायची, हा प्रश्न या आकड्याच्या मुळाशी कसा आहे ते बीड-अहिल्यानगरकडच्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा.

पायरी ८ : राज्य उलगडून पाहा

आतापर्यंत महाराष्ट्र एक घर धरलं. आता दारं उघडा. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक अशा मोजक्या सात जिल्ह्यांतून राज्याचं निम्म्याहून जास्त उत्पन्न येतं. उरलेले जवळपास तीस जिल्हे उरलेल्यात. २०१२ च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार तळाशी होता; २०११ मध्ये तिथली साक्षरता ६४ टक्के, म्हणजे देशाच्याही खाली. बहुआयामी निर्देशांकाच्या २०१५-१६ च्या आकड्यांत तिथले निम्म्याहून जास्त लोक गरीब होते, आणि तेव्हा राज्य १४.८ वर होतं. दांडेकरांनंतर २०११ मध्ये याच प्रादेशिक असमतोलासाठी विजय केळकर समिती नेमली, २०१३ मध्ये तिचा अहवाल आला. प्रश्न तोच राहिला.

जिल्ह्यांत शिरताना दोन अडचणी येतात. २०११ च्या जनगणनेत पालघर शोधू नका, तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. जुन्या ठाण्याच्या सरासरीत जव्हार-मोखाडा आणि ठाणे शहर एकत्र मिसळलेले आहेत, ते वेगळे करायचे तर तालुक्यांचे आकडे बेरजेने जुळवावे लागतात. दुसरं, औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं जुन्या तक्त्यांत तशीच आहेत. शोधताना दोन्ही नावं टाका. तेलंगणाचंही असंच : जून २०१४ पूर्वीचा आंध्र आणि नंतरचा आंध्र ही दोन वेगळी राज्यं समजून चाला.

पायरी ९ : जोडीदार बदला

देशाची सरासरी उत्तर प्रदेश-बिहारच्या वजनाने खाली ओढलेली असते. तिच्या पुढे असणं हे आपल्यासारख्या राज्यासाठी पास होण्याइतकंच आहे. म्हणून वहीच्या शेवटी अजून चार-पाच रकाने जोडा : तमिळनाडू, कर्नाटक, तेलंगणा, गुजरात, आणि सामाजिक बाजूसाठी केरळ. आकाराने, शहरीकरणाने, उद्योगाने ही आपल्या जवळची. यात तमिळनाडू मला सगळ्यात खरा जोडीदार वाटतो; दरडोई उत्पन्नात आपल्या थोडा पुढे, लुकडेपणात कितीतरी बरा, गरिबीत आपल्या चौथाईच्या जवळ, आणि मातामृत्यूत मात्र आपल्या मागे. शाळेतल्या अंड्यापासून रेशनपर्यंत त्यांनी काय वेगळं केलं, हा पुढचा अभ्यास.

पायरी १० : चार वाक्यांत लिहा

तक्ता कुणी वाचत नाही. निष्कर्ष वाक्यांत लिहा, प्रत्येक तुलनेला वर्ष जोडा, आणि ‘एक नंबर’, ‘गाळात’ असले शब्द खोडा. मी ग्रुपवर टाकलं ते असं :

‘२०२४-२५ मध्ये राज्याचं दरडोई उत्पन्न देशाच्या दीडपट, पण २०२२-२३ मध्ये ग्रामीण घरखर्च फक्त सहा टक्के जास्त. २०१८-२० मध्ये बाळंतिणींचे मृत्यू देशाच्या एक तृतीयांश, पण २०१९ च्या पाहणीत लुकडी मुलं देशापेक्षा सहा अंकांनी जास्त. २०११ मध्ये साक्षरतेत पुढे, लहान मुलींच्या संख्येत मागे. आणि यातलं काहीही नंदुरबारला लागू नाही, तिथलं पान वेगळं.’

आत्तेभावाने अंगठा दाखवला. काकांनी विचारलं, ‘लुकडी म्हणजे नक्की किती बारीक?’ मी दंडघेर पट्टीचा फोटो टाकला.

आता वही बंद करण्याआधीचं शेवटचं काम. प्रत्येक ओळीपुढे तो आकडा पुन्हा कधी तपासायचा ते लिहा. उत्पन्नाचे आकडे दर मार्चला, आणि मागच्या वर्षाचेही, कारण पूर्वानुमानं पुढच्या पाहणीत सुधारली जातात. पीएलएफएस दर वर्षी. कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नवी फेरी येईल तेव्हा. जनगणनेच्या ओळी २०११ वर अडकून बसल्या आहेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि तिचे आकडे हाती यायला त्यापुढेही वेळ जाईल. त्या ओळींपुढचा रकाना रुंद आखा. पालघर जिल्ह्याचं नाव त्यात पहिल्यांदाच येणार आहे.